भाषेचा पहारेकरी

१९२४ साली अमेरिकेतील सांता ॲना येथे राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्स हे वक्तृत्वाचे मंडळ स्थापन केले. त्याच्या सभांत एक सभासद वक्त्यांच्या भाषेवर लक्ष ठेवतो. चुकीचे प्रयोग तो टिपतो, तसेच सुंदर शब्दही टिपतो, आणि शेवटी ते सर्वांना ऐकवितो. ही योजना शाळाशाळांतून अवश्य व्हावी. आपल्या भाषणात ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ किती वेळा आले, हे वक्त्याला स्वतःला कोठे कळते!

परंतु दोष म्हणावे कशाला? धाराशिव जिल्ह्यातील मूल सहज ‘तो जायलाय’ म्हणते. पुस्तकात ‘तो जात आहे’ असे असते. एवढ्यावरून सभा हसली, तर ते मूल पुन्हा बोलावयास उभे राहील काय? हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीत आणि वरच्या वर्गांत उर्दू चाले. मराठी नांदली ती घरात, शिवारात आणि भजनात, याच बोलीच्या आधाराने. तिला अशुद्ध ठरविणे हा कृतघ्नपणा होय. पहारेकऱ्याने अडखळणे खुशाल मोजावे. ‘जायलाय’पुढे मात्र फुली मारू नये, सभेत चालणारे रूप शेजारी लिहून तो कागद वक्त्याच्या हाती द्यावा.