मुलांच्या पाठांची मूळ फाइल मागा

जिल्हा परिषदेच्या शाळेत लॅपटॉप किंवा टॅब आले की त्याचा फोटो छापून येतो. त्यात भरलेले पाठ कोणी केले, कोणत्या अटीवर दिले, शिक्षकाला त्यातला एक शब्द तरी बदलता येतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. मुलांच्या पुस्तकांची मांडणी आणि चित्रं हा माझा व्यवसाय आहे. काही वर्षांपासून मी लॅपटॉपवर चालणारे पाठही करते. त्या कामातून माझं मत पक्कं झालं आहे: सरकारी पैशातून तयार होणारा प्रत्येक पाठ मूळ फाइलसकट खुला व्हावा आणि कोणालाही तो बदलायची, आपल्या भाषेत न्यायची लेखी मुभा असावी.

जव्हार तालुक्यातल्या एका शिक्षकांनी मला वालाचं बी कसं रुजतं यावरचा पाठ पाठवला होता. चित्र देखणं होतं. ओल्या मातीत फुगलेलं बी, त्यातून खाली उतरणारं मूळ, वाकलेला कोंब आणि दोन डाळी फाकवून वर आलेली पानं. सरांच्या वर्गातली मुलं घरी वारली बोलतात. सरांना प्रत्येक भागाचं नाव वारलीत हवं होतं, शेजारी मराठीही. पण नावं चित्रातच मुरलेली. ‘मूळ’ हा शब्द खोडायला गेलं की त्याखालची मातीही जाते. ज्यांनी तो पाठ विकला होता, त्यांच्याकडे सरांनी मूळ फाइल मागितली. ती मिळाली नाही.

शेवटी मी ते चित्र नव्याने काढलं. इंकस्केप नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात चित्र एका थरावर ठेवलं आणि नावं दुसऱ्या. नावांच्या रेघा थोड्या लांब ठेवल्या, कारण दुसऱ्या भाषेतला शब्द किती लांब असेल ते आधी सांगता येत नाही. सरांनी फाइल उघडली, नावांवर क्लिक केलं आणि आपले शब्द टाइप केले. त्यांना चित्रकला येत नाही, यायची गरजही पडली नाही. उद्या धडगावातली शिक्षिका तीच फाइल पावरीत करू शकेल, मेळघाटातला शिक्षक कोरकूत. चित्राचा खर्च मात्र एकदाच झाला.

मजकुराचीही तीच तऱ्हा. आपल्याकडे वर्षानुवर्षं जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये काम झालं. पीडीएफमध्ये पान अगदी सुबक मराठी दिसतं. त्यातला परिच्छेद कॉपी केला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा हाती येतो. म्हणजे भाषांतर करणाऱ्याने आधी सगळं पुन्हा टाइप करायचं. मुक्तासारखे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट मिळत असताना आज कोणी जुन्या फॉन्टमध्ये मुलांचा पाठ करत असेल, तर त्याला काम देणाऱ्यानेच हटकायला हवं.

खेळातून शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक खोच असते. इंग्रजीत जिंकणाऱ्या मुलाला आणि मुलीला एकच वाक्य चालतं. मराठीत ‘जिंकलास’ लिहिलं की वर्गातल्या सगळ्या मुली बाहेर पडतात. मी तिथे ‘शाब्बास, जमलं!’ लिहिते. पण असा बदल करायलाही वाक्यं प्रोग्रॅमच्या पोटात गाडलेली नसावी लागतात, वेगळ्या फाइलमध्ये असावी लागतात. आधी ठरवलं तर हे अजिबात अवघड नाही, मागाहून करायचं म्हटलं की अर्धं सॉफ्टवेअर उकलावं लागतं.

यातलं काही नवं नाही. निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, तेव्हा जगभर तिची चर्चा झाली. २००७ च्या अखेरीस त्यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ संस्थेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आपल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत आले. किंमत शंभरावर थांबली नाही, दोनशे डॉलरच्या आसपास गेली. यंत्र मात्र विचारपूर्वक केलेलं होतं: उन्हातही वाचता येणारा पडदा, आसपासच्या लॅपटॉपशी आपोआप जोडणारं नेटवर्क आणि ‘शुगर’ हे मुलांसाठीचं खुलं सॉफ्टवेअर. शुगरमधली वाक्यं वेगळ्या फाइलींत होती, म्हणून कुठल्याही भाषेतल्या स्वयंसेवकांना ती आपल्या भाषेत आणता आली.

पण नुसतं यंत्र वाटून शिक्षण होत नाही, हे पेरूने महागात शिकलं. त्या देशाने लाखो लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. नेपाळने दुसरी वाट धरली. तिथल्या ओएलई नेपाळ या संस्थेने २००८ मध्ये शाळांत लॅपटॉप नेले, आणि त्यासोबत नेपाळच्याच अभ्यासक्रमावर बेतलेले ‘ई-पाठ’ आणि ‘ई-पुस्तकालय’ हे डिजिटल ग्रंथालय तयार केलं. दोन्ही सर्वांना मोफत. आपल्याच देवनागरीत, आपल्यापेक्षा कितीतरी कमी पैशात शेजाऱ्यांनी हे केलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

परवान्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण गोची तिथेच होते. पुस्तक इंटरनेटवरून फुकट उतरवता येतं म्हणजे ते बदलता येतं, असा आपला समज असतो. कायद्याने भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच राहतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांतही ‘फेरफार नको’ अशी अट असलेले परवाने आहेत. त्यांखालचा पाठ भाषांतरित करून वाटता येत नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा श्रेय द्या आणि हवं ते करा, असा सर्वांत सैल परवाना निवडला. त्यामुळे तिथल्या गोष्टी गोंडीतही पोचल्या. केंद्र सरकारनेही २०१३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक भांडारासाठी बदल करू देणाराच परवाना घेतला. आणि पुण्यात अरविंद गुप्तांनी हजारो पुस्तकं आणि खेळण्यांच्या फिती जगाला खुल्या करून दिल्या, तेही कुठल्या शासन निर्णयाची वाट न पाहता.

आपलं बालभारती १९६७ पासून पुस्तकं काढतं, एकच पुस्तक अनेक माध्यमांत आणतं. चित्र तेच ठेवून भाषा बदलण्याचं कसब आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइली तिथे आहेत. पीडीएफ सर्वांना मोफत मिळतात, ही मोठी सोय आहे. पण पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर लेखी परवानगीची अट तशीच आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. वारली, पावरी, कोरकू, गोंडीत पाठ करायला राज्याकडे वेळ नसेल तर समजू शकते. जे शिक्षक रात्री जागून ते करायला तयार आहेत, त्यांच्या हातात फाइल तरी द्या.

चुकीचा मजकूर पसरेल, अशी भीती अधिकारी बोलून दाखवतात. चूक आजही होते, फक्त ती दुरुस्त करायला कोणाला हात लावता येत नाही. मूळ प्रत सरकारी संकेतस्थळावर राहीलच, बदललेल्या प्रतीवर बदलणाऱ्याचं नाव येईल. दुसरा आक्षेप माझ्याच बिरादरीचा असतो: चित्रकारांनी खायचं काय? कोणीही फुकट राबावं असं मी म्हणत नाही. चित्राचे पूर्ण, बाजारभावाने पैसे एकदा द्या, ते खुलं करणार हे करारात आधी सांगा. मी अशा करारांवर काम केलं आहे आणि माझी अडचण झाली नाही.

बंद फाइलचं पुढे काय होतं, त्याचा पुरावा माझ्या कपाटात आहे. फ्लॅशमध्ये केलेल्या पाठांच्या सीडी. २०२० च्या अखेरीस अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि आजच्या साध्या लॅपटॉपवर त्या चालत नाहीत. मूळ फाइली असत्या तर ते पाठ नव्या रूपात आणता आले असते. आतली चित्रं चांगली होती, कोणाच्या तरी मेहनतीची होती.

म्हणून शिक्षण विभागाला आणि सीएसआरचा निधी देणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे. पुढच्या निविदेत एवढं लिहा: मजकूर युनिकोडमध्ये, चित्रातली नावं वेगळ्या थरावर, मूळ फाइली ताब्यात द्याव्यात आणि परवाना भाषांतराला मोकळा असावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, तुमच्या शाळेत लॅपटॉपचे खोके उघडले जातील तेव्हा पाठांच्या मूळ फाइली कुठे आहेत ते विचारा, आणि त्या मिळेपर्यंत पोचपावतीवर सही करू नका.