गळका नळ आणि आपण कलाशाखेचे विद्यार्थी

आमच्या स्वयंपाकघरातील नळ दिवाळीपासून गळत होता. रात्री थेंबांचा आवाज फार होई, म्हणून आईने नळाच्या तोंडाला सुताचा दोरा बांधून त्याचे टोक खालच्या पातेल्यात सोडले. थेंब दोऱ्यावरून निमूट उतरू लागले. आवाज थांबला आणि घरातील आम्हा सर्वांच्या मते नळही दुरुस्त झाला! सकाळ-संध्याकाळ ते पातेले उपसणाऱ्या आईचे मत कोणी विचारले नाही.

याच काळात ‘पाणी हेच जीवन’ या विषयावर बोलून मी वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळविले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे सांगताना माझा आवाज दाटून आला होता. घरी परतलो आणि त्या पातेल्यालाच ठेच लागली. त्या रात्री नळाखाली लिटरचे माप ठेवले. ते सहा तासांत भरले. म्हणजे दिवसाला चार लिटर. चार महिन्यांत जवळजवळ पाचशे!

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून पाना मागून आणला. आधी नळ जोर लावून आवळला, तर तो अधिकच गळू लागला. मग टाकीचा कॉक बंद न करताच नळ उघडला आणि कपड्यांसकट स्नान झाले. शेवटी उमगले ते इतकेच : नळाच्या दांड्याखाली रबराचे एक वायसर असते, ते पितळी बैठकीवर दाबून बसले की पाणी थांबते. ते झिजले की गळती सुरू होते आणि नळ जास्त आवळला की ते अधिकच चिरडते. दुकानदाराने विचारले, “अर्धा इंची का?” रससिद्धान्तावर तासभर बोलणारा मी निरुत्तर झालो!

नवे वायसर बसले. काम अर्ध्या तासाचे होते. आई दोरा सोडता सोडता म्हणाली, “इतकं सोपं होतं होय रे?” त्या प्रश्नाने मी जितका ओशाळलो, तितका कुठल्याही तोंडी परीक्षेत ओशाळलो नव्हतो.

मित्रहो, दोष केवळ माझ्या आळसाचा नाही. शाळेत ‘कार्यानुभवा’च्या तासाला आम्ही कागदी फुले केली आणि पूर्ण गुण घेतले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आपण त्यावर टीप लिहून मोकळे होतो. चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत सुतारकामही आहे, हे मात्र ‘कला’ शाखेत असून आपण विसरतो. हाताचे काम हलके आणि तोंडाचे काम भारी, हा समज आपल्या वर्गांतूनच पक्का होतो.

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक नम्र सूचना. वर्षातून चार शनिवार गावातील नळकारागीर, वायरमन, सुतार यांना रीतसर मानधन देऊन वर्गात बोलवावे. त्यांनी शिकवावे आणि आपण वही बाजूला ठेवून शिकावे. त्याने आपण कारागीर होणार नाही. पण कारागिराशी बोलताना आपली मान जरा खाली झुकेल, तेही पुष्कळ झाले.

तोवर प्रत्येकाने आपापल्या घरी एकदा पाहावे : आवाज बंद करणारा असा दोरा कुठे बांधलेला नाही ना? आणि त्याखालचे पातेले कोण उपसते?