दवाखान्याचा दर कोण ठरवणार?

भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात आरोग्यविम्याचा प्रश्न अर्थशास्त्राच्या परिभाषेत कोणी मांडीत नाही. रात्री-अपरात्री गाडी करून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला रुग्ण नेणाऱ्या कुटुंबापुढे तो उभा राहतो, आणि तेथे विचारले जाते ते एवढेच : अनामत किती भरता?

१९७२ साली राष्ट्रीयीकृत झालेल्या सर्वसाधारण विम्याचे क्षेत्र १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा खुले झाले, आणि त्यामुळे विम्याचा प्रसार झाला हे मान्यच केले पाहिजे; परंतु जुन्या आजाराच्या प्रतीक्षाकाळाची कमाल मर्यादा २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीनवर आली, ती विमा नियामकाच्या हुकमाने, कंपन्यांच्या आपसातील चढाओढीने नव्हे. चढाओढीचा लाभ माघारी फिरता येणाऱ्यालाच मिळतो : कापसाचा भाव पटला नाही तर शेतकरी गाडी माघारी वळवू शकतो. छातीत कळ आलेल्या बापाला घेऊन आलेल्या मुलाला ती मुभा नसते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तिने शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील, म्हणजे जालन्यातीलही, पांढरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबे सामावून घेतली. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि ओळखपत्र यांची रुजवात घालतो, उपचारांच्या पूर्वमंजुरीची तजवीज होते, आणि ठरलेल्या उपचारांसाठी रुग्णाला पैसे मोजावे लागत नाहीत. नफ्याच्या हिशेबात न बसणाऱ्या माणसाचा विचार येथे सरकारने केला, हे मी मोठे कार्य मानतो. योजनेचे दर परवडत नाहीत ही रुग्णालयांची तक्रार मात्र जुनी आहे, आणि ती कानाआड करून चालणार नाही. न परवडणारा दर लादला की रुग्णालय योजनेपासून दूर राहते, आणि हेलपाटा शेवटी रुग्णालाच पडतो.

खरी उणीव आहे ती योजनेबाहेर. विमा कंपनीवर नियामक आहे, रुग्णालयाच्या बिलावर तसा कोणी नाही; राज्य शासनाच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन घातले, पण दर किती असावा याविषयी ते मौन पाळतात, आणि बिल फुगले की पुढे हप्ताही वाढतो. २१ मे २०२० रोजी, करोनाच्या साथीत, याच शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी त्यांच्या प्रकारानुसार दिवसाचे ४,०००, ७,५०० आणि ९,००० रुपये असे कमाल दर ठरवून दिले होते. साथीत जे शक्य झाले त्याला कायद्याचे कायम स्वरूप द्यावे, डॉक्टरांना विचारात घेऊन रास्त दर ठरवावेत आणि ते दरवर्षी तपासावेत, अशी मागणी जालन्याच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात केली पाहिजे.