तीन मुलांचे छायाचित्र आणि न मांडलेला हिशेब



बँकेच्या सेवेत असताना काही वर्षे मृत खातेदारांच्या वारसांचे दावे तपासण्याचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी एका जवानाची पत्नी आपल्या लहान मुलाला घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. पासबुकावर तिचे माहेरचे नाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचे, आणि शिधापत्रिकेवर तिसरेच काही. ती स्त्री खरी आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तरीही कागदांचा मेळ बसेपर्यंत तिला अनेक खेपा घालाव्या लागल्या. निवृत्तीनंतर इतिहासाचे वाचन वाढले, आणि अमेरिकेतील यादवी युद्धात मारल्या गेलेल्या एका सैनिकाच्या कुटुंबाची हकीकत वाचनात आली, तेव्हा ती स्त्री मला पुन्हा आठवली. तीच हकीकत आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण यांच्यात जे युद्ध झाले, त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. त्या काळी सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे. लढाईपूर्वी कित्येक जण आपले नाव कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून अंगरख्याला टाचून ठेवीत. ज्यांना तेही जमले नाही, ते अनोळखी म्हणूनच पुरले गेले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग या गावी जुलै १८६३ मध्ये तीन दिवस घनघोर लढाई झाली. तेथील राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेच्या सुमारे ३५०० सैनिकांच्या कबरी आहेत. त्यांपैकी हजाराच्या आसपास कबरींवर नाव नाही.

लढाईच्या पहिल्याच दिवशी पडलेला एक सैनिक गावातील एका रस्त्यालगत मृतावस्थेत सापडला. नाव, पलटण, पत्र, काहीच नव्हते. त्याच्यापाशी होते ते फक्त काचेवर घेतलेले एक छायाचित्र. त्यात तीन मुले होती: दोन मुलगे आणि एक मुलगी. शेवटच्या क्षणी तो त्या मुलांकडे पाहत होता, असे सांगितले जाई. ते छायाचित्र जवळच्या एका खानावळवाल्याच्या घरी पोहोचले. जखमींच्या शुश्रूषेसाठी गेटिसबर्गला निघालेले फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन फ्रान्सिस बर्न्स वाटेत तेथे थांबले असता त्यांनी ते पाहिले, आणि या मुलांचा शोध घेण्याचे ठरवून ते मागून घेतले.

वर्तमानपत्रात छायाचित्र छापण्याची सोय त्या काळी नव्हती. म्हणून १९ ऑक्टोबर १८६३ रोजी फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात त्या छायाचित्राचे शब्दांत वर्णन छापून आले. मुलांची अंदाजे वये, धाकटा मुलगा मध्ये उंच खुर्चीवर बसलेला, दोन्ही बाजूंना भावंडे. आणि एक बारकावा असा की, थोरल्या मुलाचा अंगरखा व मुलीचा पोशाख एकाच कापडाचा. दुसऱ्या कोणाला ही बाब किरकोळ वाटली असती. परंतु आपल्यातील कापड-व्यापाऱ्यांना सांगावयास नको, की एका ताग्यातून दोन मुलांचे कपडे बेतणारी आई आपले कापड कधी विसरत नाही.

हे वर्णन इतर पत्रांनी उद्धृत केले. त्यांत एक धार्मिक साप्ताहिकही होते. त्याचा एक अंक न्यूयॉर्क राज्यातील पोर्टव्हिल या लहान गावी गेला आणि फिलिंडा ह्युमिस्टन या बाईच्या दृष्टीस पडला. गेटिसबर्गच्या लढाईपासून तिला पतीचे पत्र आले नव्हते. मुलांचे असेच एक छायाचित्र तिने त्याला पाठविले होते. तिच्या वतीने डॉक्टरांना पत्र गेले, उत्तरादाखल छायाचित्राची कागदी प्रत आली, आणि ती पाहताच आपण विधवा झालो आहोत हे तिला कळले. मृत सैनिक होता सार्जंट एमॉस ह्युमिस्टन, न्यूयॉर्कच्या १५४व्या पायदळ पलटणीचा. घोड्यांचे साज तयार करणे हा त्याचा व्यवसाय; तारुण्यात काही वर्षे देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरही त्याने काढली होती. मुलांची नावे फ्रँक, ॲलिस आणि फ्रेडरिक.

पुष्कळ ठिकाणी ही कथा येथेच संपविलेली आढळते. माझ्यातील जुना बँक अधिकारी मात्र येथे थांबावयास तयार होईना. बाप सापडला, पण मुलांचे पुढे काय झाले?

सैनिकाच्या विधवेसाठी १८६२ च्या कायद्याने निवृत्तिवेतनाची तरतूद केली होती. शिपाई किंवा सार्जंट यांच्या विधवेस दरमहा ८ डॉलर मिळत. त्यासाठी विवाहाचा पुरावा, मुलांच्या जन्मतारखा, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे सादर करावी लागत. विधवेने पुनर्विवाह केला तर तिचे वेतन थांबून १६ वर्षांखालील मुलांकडे वळे. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पत्नींची अडचण याहून बिकट होती. गुलामांच्या विवाहास कायद्याची मान्यताच नसल्याने दाखला आणावा कोठून? शेवटी १८६४ मध्ये कायदा बदलून, पती-पत्नी म्हणून एकत्र राहिल्याची साक्ष ग्राह्य धरण्यात आली. या दाव्यांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेली आहेत. ज्या घराण्यांची अन्यत्र एक ओळही लिहिली गेली नाही, त्यांचे वंशज आज याच कागदांतून आपल्या पूर्वजांची नावे शोधतात. ज्या कागदांसाठी त्या विधवांनी हेलपाटे घातले, तेच पुढे त्यांच्या घराण्याचा इतिहास ठरले.

ह्युमिस्टन कुटुंबाला याखेरीज लोकांच्या सहानुभूतीचाही आधार लाभला. तीन मुलांच्या छायाचित्राच्या प्रती विकल्या गेल्या, त्यांच्यावर गीत रचले गेले. त्या पैशातून सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम काढण्याचे ठरले. मुलांच्या रविवारच्या शाळांतूनही वर्गणी गोळा झाली. १८६६ मध्ये गेटिसबर्ग येथेच, बाप जेथे पडला त्याच गावी, आश्रम उघडला. फिलिंडा आपल्या तिन्ही मुलांसह तेथे राहावयास गेली आणि तेथे कामही करू लागली. १८६९ मध्ये तिने पुनर्विवाह केला व ती मॅसॅच्युसेट्स राज्यात गेली.

आश्रमाची पुढील हकीकत दुःखद आहे. नंतर आलेल्या व्यवस्थापिकेने मुलांना निर्दयपणे वागविले. तळघरात कोंडून ठेवण्यापर्यंत मजल गेली. गावातील माजी सैनिकांनी आवाज उठविला, प्रकरण न्यायालयात गेले आणि ती दोषी ठरली. ज्या डॉक्टर बर्न्स यांनी एवढ्या तळमळीने या कुटुंबाचा शोध घेतला होता, त्यांच्यावर आश्रमाच्या निधीत अफरातफर केल्याचे आरोप झाले. १८७७ मध्ये आश्रम बंद पडला.

डॉक्टरांच्या मनात प्रथमपासून कपट होते असे मानण्याची गरज नाही. खानावळीत ते छायाचित्र हाती घेताना त्यांचे मन खरोखरच हेलावले असेल. परंतु शुद्ध हेतू आणि शुद्ध हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीत असताना मी काही विश्वस्त संस्थांची खाती पाहिली. जेथे गैरव्यवहार आढळला, तेथील बरेच जण आरंभी भले गृहस्थच होते. त्यांच्या भलेपणावर विसंबून कोणी वह्या तपासल्या नाहीत, पावत्या मागितल्या नाहीत. आणि हळूहळू संस्थेचा पैसा व स्वतःचा पैसा यांतील रेघ पुसली गेली. आपल्या दुकानात रोजचा मेळ संध्याकाळी जमला नाही तर आपण वही मिटत नाही. मग अनाथांच्या नावाने दिलेल्या देणगीची वही आपण न पाहताच का सोडून देतो? सत्पुरुषाकडे हिशेब मागणे हा अविश्वास आहे, असे आपण समजतो. खरे तर तो त्याचाही बचाव असतो.

सुदैवाने त्या तीन मुलांचे जीवन मार्गी लागले. थोरला फ्रँक वैद्यकीचे शिक्षण घेऊन न्यू हॅम्पशायर राज्यातील जॅफ्री गावात डॉक्टर झाला. धाकटा फ्रेडरिक धान्याच्या व्यापारात गेला. ॲलिस अविवाहित राहिली. तिचा मृत्यू १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात झाला. आई फिलिंडा १९१३ पर्यंत जगली. एमॉसने युद्धभूमीवरून घरी लिहिलेली पत्रे कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या जपली. मार्क डंकेलमन या संशोधकाने ती पत्रे आणि जुनी कागदपत्रे पडताळून या कुटुंबाचा समग्र इतिहास लिहिला, तेव्हा ज्यांचे चेहरे एकेकाळी घरोघरी पोहोचले होते त्यांचे आयुष्य प्रथमच नीट कळले. १९९३ मध्ये गेटिसबर्गमध्ये, एमॉस जेथे पडला त्या जागेजवळ त्याचे स्मारक उभारले गेले. त्यावर ती तीन मुलेही आहेत.

माझ्यासमोर बसलेल्या त्या जवानाच्या पत्नीचा दावा अखेर मंजूर झाला. धनादेश घेताना तिने मला विचारले, ‘‘साहेब, आता पुन्हा यायला नको ना?’’ मी नाही म्हणालो. पैसे तिच्या खात्यात जमा झाले, नोंद झाली, फाईल बंद झाली. त्या मुलाच्या शिक्षणाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे मात्र मला तेव्हा सुचले नाही. आज सुचते, पण आता तिचा पत्ता माझ्यापाशी नाही.

आपल्या घरात, आपल्या पेढीवर किंवा आपल्या संस्थेत एखाद्या विधवेची किंवा पोरक्या मुलाची जबाबदारी कोणी घेतली असेल, तर या महिन्यात एकदा त्यांच्या घरी जाऊन यावे, आणि त्यांच्या नावाने ठेवलेल्या रकमेची वहीही एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.