बी फुकट, वावर भाड्याने

थंडीत चार दिवस रजा टाकून गावी जाऊन आलो. गाव म्हणजे धानोरा, जिल्हा नंदुरबार. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे विश्रांतवाडीच्या पुढची धानोरी का?’ ज्याचा भूगोल जरा बरा आहे तो गडचिरोली म्हणतो. तिकडेही एक धानोरा आहे, मान्य. पण आमचं हे खान्देशातलं. रात्रभर बसमध्ये अंग आखडून बसायचं आणि सकाळी नंदुरबारला उतरायचं. या दिवसांत तिथे मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. लांबच लांब लालभडक! डोळे खूश होतात आणि पहिल्या शिंकेला कळतं, आलो बाबा घरी.

घरी पोचलो तर भाचा ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला. लॅपटॉप माझाच, जुना. नवा घेतला तेव्हा त्याला देऊन टाकला होता. ‘मामा, मी कोडिंग शिकतोय’ हे दर आठवड्याला फोनवर ऐकत होतो, आता प्रत्यक्ष बघावं म्हणून वाकलो. तर काय, विंडोज गायब! १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला लागणारं हार्डवेअर या म्हाताऱ्या लॅपटॉपमध्ये नाही. म्हणून पठ्ठ्याने मित्राचा पेनड्राइव्ह आणून चक्क लिनक्स टाकलं होतं. आणि त्या लिनक्सवर कोड लिहायला काय उघडलं होतं? व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टचं. फुकट.

मला हसूच फुटलं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मायक्रोसॉफ्ट आणि लिनक्स म्हणजे सासू-सून. लिनक्सवाले वर्गात दोन, तेही दाढीवाले. बाकी आम्ही सगळे मार्करने ‘एक्सपी’ लिहिलेल्या तीस रुपयांच्या सीडीवर सुखी. (हो, पायरेटेड. आता लपवून काय करू?)

शेजारी नाना, म्हणजे माझे काका, सुपारी कातरत बसले होते. नानांचा कॉम्प्युटरशी संबंध एवढाच की घरातल्या तीन पोरांची एमएस-सीआयटीची फी त्यांनी भरली. त्यातलं एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट, असं ते अजून मानतात. ते महाराष्ट्र स्टेट आहे हो! पण नानांचं फार चुकलं असंही नाही. क्लासमध्ये आम्ही शिकलो काय? विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. कॉम्प्युटर म्हणजेच मायक्रोसॉफ्ट, एवढा साधा हिशोब होता.

मी भाच्याला कौतुकाने सांगत होतो की बघ, एवढी मोठी कंपनी, पण हा एडिटर फुकट देते, वर त्याचा कोडही खुला ठेवते. नानांनी अडकित्ता थांबवला आणि विचारलं, ‘फुकट दीसन त्यासले काय भेटस?’

फुकट देऊन त्यांना काय मिळतं? मंडळी, हा प्रश्न एमबीएच्या केस स्टडीत शोभेल. नानांनी तो ओट्यावर बसून विचारला. कारण आयुष्यभर मिरचीचा भाव त्यांनी व्यापाऱ्याच्या तोंडावर केलाय. कोणी गोड बोललं की त्यांना आधी वजनकाटा आठवतो.

मग मी त्यांना गोष्ट सांगायला बसलो.

१९७६ मध्ये विशीतल्या बिल गेट्सने कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिलं होतं. मुद्दा सरळ होता : आमचं बेसिक तुम्ही पैसे न देता वाटून घेताय, ही चोरी आहे. चूक नव्हतं त्याचं. कंपनीचा सगळा धंदाच त्यावर उभा राहणार होता. एक कॉपी, एक पावती. पुढे लिनक्स आलं. लिनक्स म्हणजे कोड वाचा, बदला, वाटा, परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली. ज्याचं पोट पावतीवर, त्याला हे कसं झेपणार? १९९८ मध्ये कंपनीची आतली टिपणं फुटली. हॅलोवीन डॉक्युमेंट्स म्हणून ती गाजली. त्यात ओपन सोर्स हा खरा धोका आहे, हे आतल्या आत कबूल केलेलं होतं. २००१ मध्ये तेव्हाचे सीईओ स्टीव्ह बामर यांनी तर लिनक्सला कॅन्सरची उपमा दिली. २००७ मध्ये कंपनी म्हणाली, ओपन सोर्सवाले आमची २३५ पेटंट तुडवतायत.

‘मग भांडण मिटलं कधी?’ नाना.

मिटलं हळूहळू. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्सच्या गाभ्यासाठी सुमारे २०,००० ओळींचा कोड दिला. का? तर आपल्या सर्व्हरवर लोकांचं लिनक्स नीट चालावं म्हणून. २०१४ मध्ये हैदराबादचे सत्या नाडेला सीईओ झाले आणि त्याच वर्षी कंपनीने ‘आमचं लिनक्सवर प्रेम आहे’ असं स्टेजवर जाहीर केलं. डॉटनेटचा कोड खुला करायला सुरुवात झाली. २०१५ मध्ये व्हीएस कोड खुलं झालं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेतलं, आणि जगभरातले ओपन सोर्सवाले जिथे आपला कोड ठेवतात तो सगळा वाडाच तिच्या नावावर झाला. त्याच वर्षी कंपनी ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झाली. म्हणजे आपली ६०,००० पेटंट लिनक्सवाल्यांवर चालवणार नाही, अशी हमी. २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी कबूलही केलं की ओपन सोर्सच्या बाबतीत आम्ही इतिहासाच्या चुकीच्या बाजूला होतो.

सासूचा एवढा हृदयपालट? नाना विश्वास ठेवणाऱ्यातले नाहीत. मीही नाही. खरं कारण अझूर. म्हणजे कंपनीचा क्लाऊड, भाड्याने मिळणारे कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय की तिथलं निम्म्याहून जास्त काम लिनक्सवर चालतं. कॉपी विकण्याच्या धंद्यात लिनक्स शत्रू. मशीन भाड्याने देण्याच्या धंद्यात तेच लिनक्स गिऱ्हाईक घेऊन येतं. कंपनीचं मन बदललं असेलही, पण त्याआधी तिची पावती बदलली.

नानांनी सुपारी तोंडात टाकली. म्हणाले, ‘म्हणजे बी फुकट वाटायचं आणि वावर भाड्याने द्यायचं.’

बॉस, मी तीन वर्षं क्लाऊडवर काम करतोय. इतकं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि नानांना यात वाईट काहीच दिसलं नाही, हे महत्त्वाचं. बी चांगलं असेल तर घ्यावं, म्हणाले. फक्त एक बघावं : ते पुढच्या वर्षी घरचं ठेवता येतं का, शेजाऱ्याला देता येतं का. हायब्रीडचं पाकीट दरवर्षी नवं घ्यावं लागतं, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

मोठ्या कंपनीने ओपन सोर्सला मिठी मारली की मीही आता तेच बघायचं ठरवलंय. तीन गोष्टी.

पहिली, दिलेलं परत घेता येतं का? व्हीएस कोडचा सोर्स एमआयटी लायसन्सखाली आहे. तो उद्या कंपनीने बंद केला तरी आजचा कोड आपलाच. पण गंमत बघा. भाच्याने कंपनीकडून डाउनलोड केलेलं तयार व्हीएस कोड वेगळ्या, कंपनीच्या लायसन्सखाली येतं. त्याच्या काही महत्त्वाच्या जोडण्या बंद कोडच्या आहेत, आणि कंपनीच्या मार्केटप्लेसमधून त्या फक्त कंपनीच्याच प्रॉडक्टमध्ये वापरायची परवानगी आहे. म्हणूनच काही लोकांनी निव्वळ खुल्या कोडवरून व्हीएसकोडियम नावाची आवृत्ती बनवली. एकाच नावाखाली दोन प्रकारचं बी आहे राव! पाकिटावरचं वाचायला हवं.

दुसरी, निर्णय कोण घेतो? लिनक्समध्ये मायक्रोसॉफ्टचा इंजिनिअर इतरांसारखाच एक. त्याचा कोड बाहेरची माणसं तपासतात, नाकारतात. गिटहबवर मात्र मालक एकच. २०२५ मध्ये तिथल्या सीईओंनी बाहेर पडायचं जाहीर केलं. वेगळा सीईओ न नेमता गिटहब मायक्रोसॉफ्टच्या एआय विभागात जोडण्याचं ठरलं. वाड्यातल्या भाडेकरूंना कोणी विचारलं नाही. आणि एआयचा वाद तर आहेच. लोकांनी खुला ठेवलेला कोड शिकून तयार झालेलं कोपायलट महिन्याच्या वर्गणीवर विकलं जातं. ते लायसन्समध्ये बसतं का, यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत खटलाही दाखल झाला.

तिसरी, माणसं देतात का? नुसता कोड फेकणं सोपं. मार्च २०२४ ची गोष्ट सांगतो. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर, काम पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसवर. त्याला जाणवलं की लिनक्स मशीनवर लॉग-इनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. आपण म्हटलं असतं, नेट स्लो असेल. तो खोदत गेला आणि एक्सझेड नावाच्या छोट्याशा, जगभर वापरल्या जाणाऱ्या टूलमध्ये कोणीतरी मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा सापडला. कोड खुला होता म्हणून तो खोदू शकला, आणि पगार देणारी कंपनी होती म्हणून त्याला वेळ होता. खरी मिठी मला इथे दिसते.

हे सगळं आयटीवाल्यांचं, आपल्याला काय, असं वाटतंय? आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. ती यंत्रणा उभारतानाही ओपन सोर्सवर भर होता. आणि मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाचा यात एक छोटा हिस्सा आहे : मंगल.

हो, तोच फॉन्ट. सरकारी अर्ज, ऑफिसचं पत्र, लग्नाचा बायोडेटा, सगळीकडे मंगल. तो घडवला आपल्या र. कृ. जोशींनी. कवी, सुलेखनकार, आयआयटीत शिकवलेला माणूस. २००८ मध्ये ते गेले. मंगल विंडोजबरोबर घरोघरी पोचला आणि युनिकोड मराठीचा चेहरा झाला. पण त्याचं लायसन्स मायक्रोसॉफ्टचं. लिनक्सवाल्यांना तो वाटता येत नाही. मंगलमध्ये केलेली फाइल लिनक्सवर उघडली की दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात, एका पानाचा अर्ज दीड पान होतो. इकडे रेड हॅटने पुण्यातून सांभाळलेला लोहित कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा असा.

आता विंडोजमध्येही मंगलचं मुख्य स्थान गेलंय. तिथे निर्मला आली आणि मंगल वेगळा मागवून घ्यायच्या यादीत बसला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमर्ससाठी कॅस्काडिया कोड हा फॉन्ट खुल्या लायसन्सखाली दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर १९७६ च्या जमान्यातलं बेसिकही एमआयटी लायसन्सखाली खुलं केलं. ज्या बेसिकच्या कुळावरून ते पत्र लिहिलं होतं, तेच! मग मंगल का नाही? धंद्याला त्याची गरज उरलेली नाही, आपल्याला मात्र आहे. मिठी खरी आहे का हे बघायला मला यापेक्षा सोपी परीक्षा सुचत नाही.

पण दुसऱ्याला सांगणं सोपं. माझंही एक प्रकरण आहे. ऑफिसात मी आणि एका मैत्रिणीने जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या मराठी फायली युनिकोडमध्ये आणणारं छोटं टूल लिहिलंय. कंपनी ते विकत नाही, विकणारही नाही. ते खुलं करू या का, असं विचारणारा मेल सहा महिने माझ्या ड्राफ्टमध्ये पडून होता. साहेब काय विचारणार ते मला माहीत होतं. नानांचाच प्रश्न. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय अप्रेझल तोंडावर. ‘याला काम कमी आहे वाटतं’ असं कोणी म्हणू नये, ही भीती तर होतीच.

आता उत्तर आहे. टूल बाहेर गेलं तर चुका दुसरेही काढतील, आम्हाला न भेटलेले फॉन्ट दुसरे जोडतील, आणि हे कोणी बनवलं हे विचारत चार गिऱ्हाइकं आमच्या दारी येतील. बी देऊन आपलं वावर कसतं राहतं. परतीच्या बसमध्ये धुळ्याच्या आसपास मोबाइलवर तो मेल पूर्ण केला. तीन ओळी वाढवल्या : लायसन्स कोणतं, बदल कोण मंजूर करणार, आणि आठवड्यातले किती तास आम्हाला यासाठी मिळणार. तिसऱ्या ओळीवर बोट जरा अडखळलं. मग पाठवला.

साहेबांचं उत्तर आलंय. ‘सोमवारी बोलू.’ याचा अर्थ ऑफिसात काहीही होऊ शकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको!

निघताना नानांनी घरच्या मिरचीचं बी कागदात बांधून दिलं होतं. बाल्कनीतल्या कुंडीत लावलंय. रोपं आली तर मजल्यावर वाटणार आहे. ज्यांना हवं त्यांनी सोमवारनंतर मागा. तोवर माझं लक्ष इनबॉक्समध्ये.