शोकेस पाडू नका

आमच्या पिढीला आईवडिलांच्या हॉलची लाज वाटते. कुणी तसं तोंडाने म्हणत नाही. म्हणताना आपण 'जरा क्लीन लुक करूया', 'स्पेस मोकळी करूया' असं म्हणतो. अर्थ एकच असतो. ती सनमायकाची शोकेस, त्यातला प्लास्टिकचा ताजमहाल, टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल, दारावरचं मण्यांचं तोरण हे सगळं उद्या ऑफिसमधले मित्र घरी येण्याआधी दिसेनासं व्हावं. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. ती शोकेस हीच सजावट आहे, आणि बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटपेक्षा ती कितीतरी सरस आहे.

मी नशिराबादचा. जळगावहून भुसावळकडे निघालात की हायवेला लागून गाव लागतं. गावातल्या बऱ्याच घरांत समोरच्या खोलीत साधारण एकच दृश्य असतं. भिंतीवर सप्तशृंगीचा फोटो, त्याच्या शेजारी चंदनाचा हार घातलेले आजोबा, त्यांच्या खाली पतपेढीचं कॅलेंडर. शोकेसच्या वरच्या कप्प्यात कधीच न वापरलेल्या बोन चायनाच्या कपबश्या. मधल्या कप्प्यात मुलांची वक्तृत्वाची ढाल, कोकण सहलीतून आणलेला शिंपल्यांचा गणपती, लग्नात आलेलं घड्याळ. खालच्या कप्प्यात पितळी पानाचा डबा आणि पान खाणारं कुणी उरलं नाही तरी जपून ठेवलेला अडकित्ता. एकाचा दुसऱ्याशी रंग जुळत नाही, काळ जुळत नाही, किंमत तर नाहीच नाही. तरीही खोली विस्कटलेली वाटत नाही. कारण यातली प्रत्येक वस्तू कुठल्यातरी निमित्ताने घरात आली आहे, आणि ते निमित्त घरातल्या कुणाला तरी पाठ आहे.

आता स्वयंपाकघरातली भांडी बघा. लग्नात आहेर म्हणून आलेल्या पातेल्यावर, डब्यावर, ताटावर नाव कोरलेलं असतं. भांड्यांच्या दुकानात एक माणूस छोटं मशीन घेऊन बसलेला असायचा. तो टिंब टिंब जोडत देणाऱ्याचं नाव, नातं आणि तारीख टाकून द्यायचा. मामाकडून सप्रेम भेट, आणि पुढे साल. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मेटाडेटा म्हणतो आणि तो नीट सांभाळण्याचे पगार घेतो. आमच्या आयांकडे तो मांडणीवर रचलेला आहे. कुठल्या वर्षी कोण जवळचं होतं, कुणाची ऐपत किती होती, पितळ मागे पडून स्टील कधी आलं, हे सगळं त्या फळीवर वाचता येतं.

मग घराचं 'इंटेरियर' करायचं ठरतं. पुण्यात माझ्या फ्लॅटसाठी एका डिझायनरने जो आराखडा दाखवला, त्यात फॉल्स सीलिंग होतं, टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं पॅनल होतं, सगळीकडे बिस्किटाचा रंग होता, आणि भिंतीवर एका झेब्र्याचं चित्र होतं. झेब्रा का, असं विचारल्यावर उत्तर आलं की तो सगळ्यांच्या घरी चालतो. माझी तक्रार नेमकी तीच आहे. जे सगळ्यांच्या घरी चालतं, ते माझ्या भिंतीवर कशाला?

याहून मोठी गंमत पुढे आहे. गावाकडचं घर नव्याने बांधताना आजीचं घंगाळ, हंडा, कळशी, बंब हे मोडीत जातं. दुकानदार वजन करतो, किलोवर भाव लावतो, त्या बदल्यात नवीन नॉनस्टिकचा सेट घरी येतो. दोन वर्षांनी त्याच घरातला मुलगा फोनवर पितळी उरळी मागवतो, कारण पाण्यात फुलं तरंगणारी रील बघितलेली असते. आपलं पितळ किलोने विकायचं आणि दुसऱ्याचं पितळ नगाने घ्यायचं. हा व्यवहार कुठल्याही गणितात तोट्याचाच आहे.

हल्ली वारं फिरलंय म्हणतात. मिनिमलिझम जुना झाला, आता मॅक्सिमलिझम. थरावर थर, वेगवेगळ्या काळातल्या वस्तू, मुद्दाम न जुळणाऱ्या उशा. मला आनंद व्हायला हवा होता, पण होत नाही. कारण हे थरसुद्धा एका ऑर्डरमध्ये येतात. नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून तिला घासून, काळं करून पाठवतात. थर साचायला वर्षं लागतात. दोन दिवसांत घरपोच येतो तो ढीग.

असा संग्रह काय करू शकतो हे बघायचं असेल तर पुण्यातच बाजीराव रस्त्याजवळ जा. दिनकर गंगाधर केळकर या माणसाने, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या कवीने, १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. राजांच्या तलवारींपेक्षा त्यांचा जीव जास्त गुंतला तो दिव्यांत, अडकित्त्यांत, दौतींत, फण्यांत, दारांच्या चौकटींत, म्हणजे घरोघरी मोडीत निघणाऱ्या गोष्टींत. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. १९७५ मध्ये तो सरकारच्या हवाली केला तेव्हा वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात होती. आज आपण तिकीट काढून तिथे जातो, काचेमागच्या अडकित्त्याचा फोटो काढतो, 'काय कारागिरी होती' म्हणतो, आणि घरी येऊन आईला म्हणतो, ते जुनं सामान काढून टाक.

आमच्या खानदेशात याचं दुसरं उदाहरण आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरांतली जुनी दप्तरं मिळवत राहिले. १९२६ च्या अखेरीला ते धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. ज्यांना घरचे लोक रद्दी समजत होते, त्या कागदांवर मराठ्यांचा इतिहास नव्याने लिहिला गेला.

लंडनला जॉन सोन नावाचा वास्तुविशारद होता. बँक ऑफ इंग्लंडची इमारत उभारणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र मूर्ती, चित्रं, तुटके दगडी तुकडे छतापर्यंत रचत गेला. १८३३ मध्ये त्याने पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला, की माझ्यामागे हे घर आहे तसंच राहू द्या. आपल्या आईकडे पार्लमेंट नाही. तिच्याकडे आपण आहोत.

आता विरुद्ध बाजू. सगळ्यात जोरदार आक्षेप धुळीचा आहे, आणि तो खरा आहे. हायवेकाठच्या गावात सकाळी पुसलेली काच संध्याकाळी बोटाने नाव लिहिण्याइतकी मळते. ती पुसते कोण? पितळ चिंचेने घासते कोण? बहुतेक घरांत एकच बाई. मुलाने पुण्यात बसून वारशाच्या गप्पा मारायच्या आणि आईने इथे घासत राहायचं, हे मला मान्य नाही. केळकर संग्रहालयाचा विचार करतानाही पत्नी कमलाबाईंचे कष्ट विसरून चालत नाही. म्हणून माझी अट सोपी आहे: ज्याला वस्तू हवी, त्याने ती पुसावी. आईला खरोखर कंटाळा आला असेल, तर काढायचा हक्क तिचाच आहे. पण तो तिचा हक्क आहे. सुनेच्या बहिणीने पाठवलेल्या फोटोचा नाही, डिझायनरचा तर नाहीच.

दुसरा आक्षेप जागेचा. वन बीएचकेत वीस हजार वस्तू मावणार नाहीत, कबूल. एक कप्पा मावतो. झेब्र्याची जागा तर नक्कीच मोकळी आहे.

माझ्या कामात एक नेहमीचा प्रसंग असतो. नवीन इंजिनियर टीममध्ये येतो, दहा वर्षांचा जुना कोड उघडतो आणि म्हणतो, काय घाण आहे, नव्याने लिहू. त्याला विचित्र वाटणारी एकेक ओळ कधीतरी रात्री दोन वाजता कुणीतरी एखादा बिघाड दुरुस्त करताना टाकलेली असते. म्हणून आमच्यात शिस्त आहे: ओळ काढायची असेल तर खुशाल काढा, पण ती का आली होती ते आधी शोधा. घरातल्या वस्तूंना आपण एवढीही सवलत देत नाही.

दिवाळीआधी घरोघर आवराआवर होईल, भंगारवाल्याची गाडी दारात थांबेल. तेव्हा एक करा. आईला किंवा आजीला शोकेससमोर बसवा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक वस्तू हातात देऊन विचारा, हे कुठून आलं? ज्याला उत्तर नाही, ते खुशाल जाऊ द्या. ज्याला उत्तर आहे, त्यातलं निदान एक तरी स्वतःच्या भाड्याच्या खोलीत घेऊन जा. ते रंगाला जुळणार नाही. जुळायची गरजही नाही. फक्त दर रविवारी ते पुसायचं काम तुमचं.