हात चालतात, की डोकं?

माहीमला जवाहर नवोदय विद्यालय आहे. ग्रामीण भागातली प्रतिभावान मुलं हेरून त्यांना निवासी शिक्षण द्यायचं, ही 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली योजना. जिल्ह्यातल्या पाचवीच्या मुलांतून फार तर 80 जणांची निवड होते. दोन तासांचा पेपर, 100 गुण. त्यातले 50 आकृत्यांच्या बौद्धिक चाचणीला, 25 गणिताला, 25 भाषेला. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते.

आम्ही या शाळांच्या विरोधात नाही. 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण. वस्तीतलं पोर तिथे लागलं तर पेढे आम्हीच वाटू. प्रश्न यादीत नाव न आलेल्यांचा आहे.

आमच्या रविवारच्या वर्गातला एक मुलगा. वडील दुसऱ्याच्या वाडीत राबतात. एकदा विहिरीवरचा पंप पाणी उचलेना. मोठी माणसं मोटर खोलायला बसली. हा म्हणाला, थांबा. त्याने पाइपात वरून पाणी ओतलं आणि बघत राहिला. पाणी हळूहळू खाली उतरलं. "फूटव्हॉल्व्ह गळतोय." खरंच गळत होता.

यादीत त्याचं नाव आलं नाही, तेव्हा एक गुरुजी म्हणाले, "त्याचे हात चालतात. पुढे आयटीआयला घाला." आणि सांगायला लाज वाटते, आम्हीही मान डोलावली.

अंदाज बांधणं आणि तो तपासून बघणं, हे हाताचं काम आहे का? डॉक्टरच्या मुलाने हेच केलं असतं तर घरात इंजिनीयर जन्मला म्हणाले असते.

हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलं की बुद्धिमत्ता एक नसते, ती सात प्रकारची असते. त्याच्या पुराव्यांवर मानसशास्त्रज्ञांत वाद आहेत. आमची हरकत वेगळी. आपल्याकडे ही मांडणी आली की 'ज्याची जशी बुद्धी तसं त्याचं काम' व्हायला वेळ लागत नाही. हे वाक्य आपल्या आज्यापणज्यांनी वेगळ्या शब्दांत ऐकलेलं आहे. आयटीआय वाईट नाही. पण दहा वर्षांच्या पोराच्या कपाळावर ते लिहिणारे आपण कोण?

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, 1936 साली, बाबासाहेबांनी माणसाच्या कर्तृत्वाची तीन मुळं सांगितली: शारीरिक वारसा, आईबापांची जपणूक-शिक्षण यांतून येणारा सामाजिक वारसा, आणि स्वतःचे प्रयत्न. परीक्षेच्या कागदावर तिन्हींची बेरीज एकाच आकड्यात दिसते, आणि आपण त्या आकड्याला 'उपजत हुशारी' म्हणतो. आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, असले प्रश्न क्लासवाल्यांची मुलं वर्षभर सोडवतात. आमच्या मुलाने ते परीक्षेच्याच दिवशी पहिल्यांदा पाहिले. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला भाषेचे 25 गुण प्रमाण मराठीत मिळवायचे असतात, ते वेगळंच.

म्हणून आता तिसरीच्या मुलांपुढे आकृत्यांचे कागद ठेवतो. तो मुलगा सातवीत आहे. नवोदयमध्ये नववीच्या रिकाम्या जागांसाठी आठवीत परीक्षा देता येते. त्याची तयारी सुरू आहे. गणित-विज्ञान आम्ही बघतो. इंग्रजी अडतंय. पालघर-बोईसरात रविवारी दोन तास देणारं कुणी असेल तर कळवा.

जय भीम.